वायरीचं दुसरं टोक

भिंतीवरच्या बोर्डावर टेस्टरच्या मुठीनं दोनदा टकटक करायची, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "बटन हाय म्हंजे कायतरी काम हाय." आमच्याकडे वायरिंगला येणारे चाचा कामाला अशी सुरुवात करायचे. तुमच्याही घरी असा एखादा माणूस येत असेल. दहा मिनिटांच्या कामाला ज्याला दोन चहा लागतात, आणि तरी दुसऱ्या कुणाला बोलवायचं मनात येत नाही.

भिसेगावातलं हे घर आम्ही जुनंच विकत घेतलं. आधीचे मालक किल्ल्या देऊन पुण्याला गेले, बटनांबद्दल अवाक्षर न बोलता. बैठकीतलं बटन दाबलं की दिवा लागायचा माळ्यावर. न्हाणीघरात हात पोचणार नाही अशा उंचीवर एक होल्डर, त्याला बटनच नाही. चाचांनी एकेक करून सगळं शोधून काढलं. राहिलं फक्त स्वयंपाकघराच्या दारामागचं एक काळं बटन.

"चाचा, काढून टाका हो ते. रंगारी खोळंबलाय."

"नाय ताई. दुसरं टोक बघितल्याबिगर मी वायर कापत नाय."

पंधरा दिवस! त्या पंधरा दिवसांत त्यांनी मूळ वायरमनचा जो उद्धार केला, तो ऐकण्यासारखा होता. "कुठल्या येड्यानं केलंय हे? सरळ न्यायची सोडून सगळं घर फिरवून आणलंय!" मला तर वाटायला लागलं, चाचा आमच्या चहासाठीच येतात. तसं एकदा तोंडावर बोललेही. ते हसले. "चहा बी हायेच की," म्हणाले.

सोळाव्या दिवशी परसातल्या पत्र्याखाली एक गंजका डबा सापडला. वायर तिथं येऊन पुढच्या एका फुटक्या बल्बकडे गेली होती. चाचांनी स्टुलावर चढून झाकण काढलं. आत जोडावर हिरवा दोरा गुंडाळलेला होता.

हिरवा दोरा ही चाचांची खूण. चाचींच्या शिलाई मशीनवरचं रीळ त्यांच्या खिशात असायचं आणि प्रत्येक जोडावर ते दोन वेढे द्यायचे, आपलं काम पुढे ओळखू यावं म्हणून.

म्हणजे तो येडा हेच! मी खो खो हसत सुटले. चाचा मात्र स्टुलावरून उतरून पायरीवर बसले.

"माझंच हाय, ताई. पन मी या घरात कधी आलेलो, ते कायच आठवत नाय."

"अहो, किती वर्षं झाली असतील."

"तसं नाय गं. काल टेंपोवाल्याला घर कुठं ते सांगता येईना. जन्म गेला दहिवलीत माझा."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. चहा करते म्हणून आत गेले आणि तिथंच थोडं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते पांढरी चिकटपट्टी आणि जाड पेन घेऊन आले. प्रत्येक बटनाखाली लिहिलं: पंखा, ट्यूब, परसातला दिवा. मग जिथं जिथं वायरिंग केलं होतं त्यातली आठवतील तेवढी घरं ते फिरले. "मी नसलो तर लोकांची खोटी नको व्हायला." आमच्या दारावरच्या बेलखाली त्यांनी लिहिलं, 'मोटर'. मी चूक सांगितली नाही. अजून पाहुणे दारात उभे राहून हाका मारतात, आणि अजून ती पट्टी मी काढलेली नाही.

गेल्या थंडीत चाचा गेले. मी दहिवलीला चाचींना भेटायला गेले. घरभर त्याच पट्ट्या. चाचांच्या खाटेशी एक बेलचं बटन होतं, त्याखाली थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'हे दाबलं की ही येते.'

"शेवटी शेवटी माझं नाव आठवायचं नाय त्यांना," चाची म्हणाल्या. "पन बटन बरोबर दाबायचे." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी एकटीच बसले होते. काय वाटलं कोण जाणे, बोटानं दोनदा टकटक केली आणि ते दाबलं.

आत बेल वाजली. "आले, आले!" चाची हातात सांडशी घेऊन तशाच धावत दारापर्यंत आल्या, आणि खाटेकडे बघत तिथंच थांबल्या.