काळी रेघ

खुलताबादहून येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या पोरीचं नाव मी विचारलंच नाही बघा, आणि बाकी सगळं विचारलं. मांडीवर कागद, केसांत खोचलेली पेन्सिल. राग आला की ती पेन्सिल काढायची, पुन्हा खोचायची. तुरीच्या मर रोगावर तिनं लेख लिहिला होता. तो छापून आल्याशिवाय पीएचडी मिळणार नव्हती.

"मावशी, छापायच्या आधी कुणीतरी जाणकार तपासतो. नाव सांगत नाहीत त्याचं. उगाच खुसपटं काढतोय मेला!"

तिनं वाळलेल्या तुरीचा फोटो दाखवला. मी आपली शेतात वाढलेली, सहज म्हणाले, "खोड चिरून पाह्यलं का गं? मर असंल तर आत काळी रेघ दिसती. नायतर पाणी साचूनबी तूर अशीच वाळती."

तिनं फोटो पुन्हा जवळ धरून पाहिला. मग म्हणाली, "त्यानंही हेच विचारलंय. मी दोन पानं भांडून उत्तर लिहिलंय."

"झाडं हायेत का अजून?"

"उपटून तिकडं खुलताबादच्या शेतावरच पेंढी बांधून ठेवलीत. पण रेघ निघाली नाही तर?"

तिनं ती दोन पानं फाडली, छावणीच्या थांब्यावर उतरली आणि रस्ता ओलांडून परतीच्या बसची वाट बघत उभी राहिली. पेन्सिल केसांतच होती.