हिरव्या बाईचं लुगडं

आमच्या काशीचं लग्न एका नागव्या बाईनं जमवलं. मोडायची खटपट तेवढी माझी.

ही बाई चित्रातली. माझा मेहुणा मुंबईत चित्रकला शिकत होता (असं माझे सासरे म्हणत). त्यानं आम्हाला बारामतीला माणसाएवढं तैलचित्र भेट धाडलं. बाईचं अंग हिरवं, एक हात गुडघ्यापर्यंत, दुसरा कोपरातच संपलेला, आणि अंगावर चिंधी नाही. विलायतेत हल्ली असंच काढतात म्हणे. तिथं पाऊस फार. कपडे वाळत नसतील.

"माळ्यावर टाक ते," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे माझे वडील. पण मी पुण्यात दोन वर्षं कॉलेजात नापास होऊन आलेलो, म्हणजे कलेवर बोलायला पूर्ण लायक.

"ही बाई नव्हे, तात्या. हा आत्म्याचा निर्वस्त्र आक्रोश आहे."

"मग आत्म्याला धोतार नेसव," म्हणून तात्या वांग्यांना पाणी द्यायला गेले. चित्र सोप्यातच राहिलं.

अशात इंदापूरची मंडळी काशीला बघायला येणार असं ठरलं. काशी माझी धाकटी बहीण. मुलगा तिनं मोरगावच्या जत्रेत लांबून पाहिलेला, आणि तेव्हापासून ती चुलीपाशी उगाच हसायची.

सर्व्हिस मोटारीचा भोंगा ऐकला आणि आत्याचा धीर सुटला. तिनं खिळे ठोकून चित्राला गौरीसारखं लुगडं नेसवलं, खण लावला, कपाळावर कुंकू रेखलं. हिरवा चेहरा तेवढा उघडा राहिला.

मुलाची आई रखमाबाई आत येताच थबकल्या. "कंची देवी म्हनायची ही?"

"आमचीच," आत्या कशीबशी म्हणाली.

रखमाबाईंनी हात जोडले आणि काशीसाठी आणलेल्या खण-नारळानं आधी देवीची ओटी भरली. "देवभोळं घर हाय. पोरगी पसंत हाय आमाला." दाराआड काशीच्या बांगड्या वाजल्या.

इथं गप्प बसेन तर मी रसिक कसला! "गैरसमज नको," मी म्हणालो, "ही देवी नाही. हिचं सौंदर्य रेषेत आहे, वस्त्रात नाही." आणि एका हिसक्यात लुगडं ओढलं. खिळ्यांसकट.

आता 'शी शी' होणार, म्हणून मी उत्तरं जुळवत होतो. पण रखमाबाई चित्राकडं बघतच नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या.

"ओटी भरलेल्या बाईचं लुगडं फेडलंसा?"

"अहो, पण ती मुळातच तशी..."

"मुळात समदीच तशी असत्यात. तुमी न्हवता व्हय?" त्या उठल्याच. "असल्या घरातली लेक न्हाय करायची आमाला."

काशी दारात रडवेली उभी. तात्यांनी लुगडं उचलून माझ्या अंगावर फेकलं. "नेसव."

नऊवारी नेसवणं कॉलेजात शिकवत नाहीत (शिकवलं असतं तर त्यातही मी नापासच झालो असतो). सगळ्यांच्या देखत मी आत्म्याच्या आक्रोशाला निऱ्या घालत होतो आणि त्या सुटत होत्या. शेवटी रखमाबाईंनाच हसू फुटलं, आणि पाठोपाठ सुपारी. अट एकच: काशीबरोबर देवीही इंदापूरला येणार. "हितं तिची आबाळ हुतीया."

तेव्हापासून दर नवरात्रात तिला माहेरचं लुगडं मी नेऊन द्यायचं असतं. गेल्या साली नेलेलं परत आलं. काठ देवीला पसंत पडला नाही म्हणे. एके काळी त्या चित्रावर मी मत देत होतो. आता ते माझ्यावर देतं.