मागून आणलेल्या तुकड्यांची गोधडी

बाळाची गोधडी मी शिवत नसे. मोठ्यांच्या शिवते, रुखवतात मांडायच्या शिवते, एकदा तर एका बाईंच्या कुत्र्यासाठीसुद्धा शिवून दिली, आणि तो कुत्रा तिच्यावर असा काही ऐटीत बसतो म्हणतात की घरातल्या माणसांनी हेवा करावा. पण "बाळासाठी हवी आहे" असं कोणी म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं: सध्या हातात काम फार आहे. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पुष्कळ उशिरा मला दिवस राहिले होते, सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून थाटात डोहाळजेवण झालं, आणि नंतर थोड्याच दिवसांत सगळं संपलं. पुन्हा तो योग आला नाही. याला आता खूप काळ लोटला आणि मी काही रडतकढत बसणारी बाई नाही. नवरा चांगला, घर आपलं, हाताला आवडीचं काम, म्हणजे तक्रारीला जागा नाही. तरी मनात एक शंका ठाण मांडून बसली होती, की आपला हात कोणाच्या लेकराच्या वस्तूला लागू नये. लोक असं तोंडावर म्हणत नाहीत. मीच स्वतःला म्हणत आले. देवाशीही माझं नातं कामापुरतं उरलं होतं. दिवा लावायचा, फूल वाहायचं, नमस्कार करायचा. मागणं मात्र बंद केलं होतं.

आम्ही नागपुरात बेसा भागात राहतो. आमच्या हॉलमध्ये सोफा नाही. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी चौकट आहे, तिला लांब रूळ आहेत आणि त्यांच्यावर लांब मानेचं एक मशीन. लाँगआर्म म्हणतात त्याला. साध्या शिलाई मशीनवर सुई जागची हलत नाही, कापड सरकवावं लागतं. इथे कापड रुळांवर ताणून बसवलेलं असतं आणि मी दोन्ही मुठी धरून मशीनच त्याच्यावरून फिरवते, पाटीवर पेन्सिल फिरवावी तसं. धरमपेठेतल्या, पुण्याच्या, कुठकुठच्या हौशी बायका रंगीबेरंगी तुकडे जोडून गोधडीचा वरचा पदर तयार करतात. पण तो वरचा पदर, मधला थर आणि खालचं अस्तर असे तिन्ही एकत्र शिवून काढताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. ते काम माझ्याकडे येतं. गोधडी त्यांची, शेवटचा हात माझा. माझे यजमान निवृत्त झाले तेव्हा घरभर नजर फिरवून म्हणाले होते की हॉल मशीनचा, आपण त्याचे भाडेकरू.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी अंजनामावशी आल्या. भिवापूरकडच्या, शेतीवाल्या, मिरच्यांची देठं खुडून खुडून बोटं राठ झालेल्या. त्यांचा मुलगा आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. सून दिवस भरायच्या आतच बाळंत झाली म्हणून त्या धावत आल्या होत्या. आधीची दोन पोटातच गेलेली. हे तिसरं जन्माला आलं, पण दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं आणि डॉक्टर रोज नुसतं "बघू" म्हणत होते. मावशींनी बघत बसण्याऐवजी आपल्याला येतं ते केलं. त्यांच्याकडे रीत अशी की ज्या घरात लेकरं टिकत नाहीत, तिथल्या लेकराला विकतचं नवं कापड लावायचं नाही. लेकुरवाळ्या घरी जाऊन पदर पसरायचा आणि जुनं कापड मागून आणायचं. मागून आणलेल्याला कोणी हिरावून नेत नाही, असा भाव. तशा त्या दारोदार फिरल्या होत्या. कोणाच्या झबल्याची बाही, कोणाच्या परकराचा काठ, कोणाच्या शाळेच्या सदऱ्याची पाठ, असे तुकडे त्यांनी हाताने जोडले होते. मधल्या थराला नवऱ्याचं जुनं धोतर आणि अस्तराला स्वतःचं विरलेलं लुगडं. पुढचा धावदोराही त्यांनीच घातला असता, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी मान खाली घालून काम करायची सक्त मनाई केलेली. बाळ घरी येईल तेव्हा उंबरठा ओलांडताना त्याच्या अंगावर ही गोधडी हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी माझं ठरलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मावशींनी पाणी मागितलं, शांतपणे प्यायल्या, आणि पिशवीतली गोधडी काढून माझ्या चौकटीवर आपल्याच हाताने पसरली. बायका पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारतातच, तुम्हाला काय मुलंबाळं म्हणून. मी त्याची वाट पाहत होते. त्यांनी तो विचारला असता, तर मूल नाही म्हणून सांगून मी सुटले असते. त्यांनी विचारलं ते इतकंच, की धुतल्यावर टाके टिकतील ना. मी हो म्हटलं. त्या गेल्यावर मला माझाच इतका संताप आला की संध्याकाळची भाजी करपली, आणि यजमानांनी ती तशीच खाल्ली.

तीन आठवडे मी दुसऱ्याच गोधड्या शिवत बसले. बाळ पेटीतून बाहेर आलं, उद्या घरी येईल, असा मावशींचा निरोप आला, त्या सकाळी मात्र पूजा करतानाच ठरवलं की आज उरकून टाकायचं. आमचं देवघर हॉलच्याच कोपऱ्यात आहे. लग्नात मुलीला माहेरहून अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण देतात, तसा माझ्या आईने दिलेला पितळी बाळकृष्ण तिथे आहे. थंडीत मी त्याला दुलई पांघरते. नास्तिकपणाच्या कितीही गप्पा मारल्या तरी थंडीत उघडं पोर बघवत नाही. ती दुलई हातरुमालाएवढी, त्या डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीतून कधीतरी शिवलेली. त्या सकाळी ती धुतली, आणि खिडकीतलं ऊन नेमकं चौकटीच्या मागच्या रुळावर येतं म्हणून तिथेच वाळत घातली. मग चहा केला, आणि ती विसरून गेले.

लाँगआर्मवर काम करणाऱ्या बाईची एक अडचण असते. शिवताना तिला फक्त वरची बाजू दिसते. खाली काय चाललंय ते गोधडी चौकटीवरून उतरवल्याशिवाय कळत नाही. खाली कधी अस्तराची घडी शिवली जाते, कधी मोजपट्टी. एकीने तर म्हणे चष्म्याचं कापड शिवलं होतं. मी त्या दिवशी वेलबुट्टीचा नक्षा धरला होता. छोटी पानं, एकातून एक निघणारी. हात चांगला चालला. खरं सांगायचं तर बाळाची गोधडी शिवते आहे हेही मध्येच विसरले, इतकं बरं वाटत होतं. एका ठिकाणी मशीनचा आवाज जरा घोगरा झाला. मला वाटलं, सदऱ्याची जाड शिवण आली असेल. मी पुढे गेले.

शेवटचं पान झालं आणि फोन वाजला. मावशी होत्या. दवाखान्यातून सुट्टी मिळाली, बाळ उद्या येणार असं म्हणत होते ते आजच निघालं, तासाभरात येतो. आवाज आनंदाने कापत होता. मी घाईने गोधडी उतरवली आणि उलटी केली. अस्तराच्या बरोबर मधोमध माझ्या बाळकृष्णाची हिरवी दुलई सपाट शिवली गेली होती. रूळ फिरवताना ती ओढली गेली असणार. तिच्यावरून माझी वेल अशी निघून गेली होती की जणू मुद्दामच केलं आहे.

मला जे वाटलं ते सांगते. भीती वाटली. लेकुरवाळ्या घरांतून निवडून निवडून मागितलेल्या कापडांत माझं कापड गेलं होतं, आणि तेही कुठलं, तर ज्या साडीच्या नशिबी लेकरू नव्हतं तिचं. इतकी वर्षं मी ज्याला भीत होते तेच माझ्या हातून झालं, आणि एका तोळामासा जिवाच्या बाबतीत झालं. मी उसवायला घेतलं. पण टाके बारीक आणि लुगडं विरलेलं. पहिल्याच पानापाशी अस्तर फाटायला लागलं. यजमान शेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांना म्हटलं की वरून एखादा तुकडा लावून झाकून टाकते. ते म्हणाले, "झाकशील गं, पण मग जन्मभर तुलाच टोचत राहील. सांगून टाक त्यांना." मी हातातलं उसवणं खाली ठेवलं. देवघराकडे पाहिलं. बाळकृष्ण उघडाच बसला होता, लोण्याचा हात पुढे करून. कितीतरी वर्षांनी मी त्याच्याकडे काही मागितलं. माझं काय व्हायचं ते होवो, त्या लेकराला काही होऊ देऊ नकोस, एवढंच.

मावशी आल्या त्या फाटकातूनच हाक मारत. मुलगा, सून आणि बाळ बाहेर ऑटोत होते. मी गोधडी उलटी धरली आणि एका दमात सगळं सांगितलं: दुलई कोणाची, साडी कसली, मला मूल नाही, चूक माझी, तुम्ही म्हणाल तर हे अस्तर टाकून दुसरं लावते, बाळाला आज दुसऱ्या कशात तरी न्या. डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवून मावशींनी त्या हिरव्या चौकोनावरून राठ बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. मला वाटलं, आता त्या गोधडी खाली ठेवतील.

"मी सगळ्या घराइच्या दारी गेली," त्या हळूच म्हणाल्या. आतापर्यंत मला ‘तुम्ही’ म्हणत होत्या, त्या आता ‘तू’वर आल्या. "तुह्या दारी नाई आली वं. शेजारीन म्हने, त्या बाईले लेकरू नाई. मले वाटलं, मांगून काहून दुखवा तुले. म्हून गोधडीच आनून देल्ली, तुहा हात तरी लागू दे म्हनलं."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मूल नसलेल्या बाईकडे त्यांनी जाणूनबुजून नातवाची गोधडी आणून दिली होती, आणि तो प्रश्न न विचारता पाणी पिऊन गेल्या होत्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. मावशींनी देवघरातल्या उघड्या बाळकृष्णाकडे पाहून हात जोडले.

"मी मांगाले लाजली, अन् यानं न मांगताच आपल्या अंगावरचं काढून देल्लं. आता हे उसवाचं नाई. चाल, बाहेर चाल. तूच गुंडाय त्याले."

मी गेले. ऑटोत सून बसली होती, डोळे खोल गेलेली, पण हसत होती. तिने बाळ माझ्या हातात दिलं. दोन्ही तळव्यांत मावेल एवढंसं, रताळ्यासारखं तांबूस, कपाळावर आठ्या. मी गोधडी पसरली, हिरवा चौकोन आत घेतला आणि त्याला गुंडाळलं. त्याने जांभई दिली, एवढ्याशा तोंडाने एवढी मोठी, की आम्ही सगळेच हसलो, ऑटोवालासुद्धा. माझा हात लेकराला लागला आणि काही झालं नाही. मी आनंदाने तिथेच उभी राहिले, ऑटो वळून दिसेनासा होईपर्यंत.

दुलई देवाने ढकलली असं माझं म्हणणं नाही. यजमानांनी दुसऱ्या दिवशी मागचा रूळ तपासला, तर तो एका अंगाला किंचित उतरता निघाला. असेल. मला त्याचा वाद घालायचा नाही. बाळ चांगलं बाळसं धरून आहे. कागदावर त्याचं कुठलंसं झोकदार नाव आहे, आजीसाठी तो मागून आणलेला भिक्या. बाळकृष्णाला मी नवी दुलई शिवली, आणि ती होईपर्यंत चार दिवस तो यजमानांच्या रुमालात होता, त्याची तक्रार नव्हती. मला एवढंच कळलं की वरची बाजू नीट शिवणं माझ्याकडे आहे; खाली काय जोडलं जातंय ते पाहणारा दुसरा कोणी आहे. त्याच्यावर सोपवून हात चालवावा. इतकी वर्षं मी त्याच्यावर रुसून होते, आणि तो मात्र माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच साडीत गुरफटून बसला होता. त्याचे उपकार मानायला मला शब्द कमी पडतात.

उन्हाळा लागता लागता एक अनोळखी बाई फाटकाशी उभी राहिली. हातात गोधडीची पिशवी नव्हती, म्हणून मला वाटलं पत्ता विचारायला आली असेल. तिने संकोचून पदर पुढे केला. पोरीच्या लेकरासाठी जुनं कापड मागत फिरते आहे, म्हणाली, अंजनाबाईंनी सांगितलं की या घरचं आवर्जून आण. माझ्या दारी असं मागणं पहिल्यांदाच आलं होतं. मी आत जाऊन कपाट उघडलं आणि कितीतरी वेळ कोणती साडी द्यावी ते ठरेना. शेवटी सगळ्यांत मऊ होती तिचा पदर कापला, घडी केली आणि तिच्या पदरात घातली. ती पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला धरलं आणि म्हटलं, लेकरू घरी आलं की मला दाखवायला आणा.