उंदरातला माणसाचा हिवताप

देवयानी परभणीची, शिक्षणानं जनावरांची डॉक्टर. नवऱ्याची, ओंकारची, बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा तिनंही इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी धरली. काम उंदरांचं. माणसाचा हिवताप साध्या उंदराला होत नाही. म्हणून प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या अंगात माणसाचं रक्त सोडायचं आणि त्यात हिवतापाचे जंतू वाढवायचे. या खेपेचे जंतू ज्या रुग्णाकडून आले होते, त्याला नेहमीच्या गोळ्या फार उशिरा लागू पडल्या होत्या. असं का झालं, ते उंदरांवर पाहायचं होतं.

शनिवारी प्रयोगशाळेतल्या मदतनीस सौरभनं उंदीर धरला होता आणि देवयानी त्याला जंतू असलेलं रक्त टोचत होती. उंदीर उसळला. सुई दुहेरी हातमोज्यांतून आरपार तिच्या अंगठ्यात गेली.

"दीदी, लागली?" सौरभनं विचारलं.

"लागली. आधी त्याला पिंजऱ्यात ठेव."

नळाखाली अंगठा धरून तिनं विभागप्रमुख यामिनीबाईंना फोन लावला. तासाभरात संस्थेच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्याच नेहमीच्या.

"चालतील या?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "औषध दिलेल्या उंदरांचं रक्त तपासलं की कळेल."

घरी तिनं ओंकारला सगळं सांगितलं. मग वेगळ्या खोलीत मच्छरदाणी लावली. डास आपल्याला चावून लेकीला, आभाला चावला तर, ही भीती तिला गोळ्यांच्या शंकेपेक्षा मोठी वाटत होती. पाच वर्षांची आभा जाळीला नाक लावून उभी राहिली. मच्छरदाणीला ती इथल्या बंगाली मुलांसारखं मोशारी म्हणायची.

"आई, तू मोशारीत का? मी पण येते."

"नको गं राणी. बाबाजवळ झोप."

पुढच्या आठवड्यात उंदरांच्या रक्ताच्या स्लाइड आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ती स्वतःच बसली. गोळ्या पोटात गेलेल्या उंदरांच्या रक्तातही जंतूंचे जांभळे ठिपके तसेच होते. त्याच दुपारी अंगात थंडी भरली, दात वाजायला लागले. सौरभनं तिथंच तिच्या बोटातून रक्त घेतलं आणि भिंगावर वाकला.

"सौरभ, बोल ना."

"आहेत, दीदी. थोडे आहेत."

उंदरांचा निकाल हाती होता म्हणून डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. औषध बदललं, तिला दवाखान्यात ठेवलं. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. ओंकार उशाशी बसून नर्सला सारखं, नवं औषध लागू पडतंय का, हेच विचारत होता. शेवटी एका सकाळी तिच्या रक्ताची स्लाइड कोरी आली. दुसऱ्या दिवशीही कोरी.

"ही नोकरी सोड," घरी येताना गाडीत ओंकार म्हणाला.

"विचार करते," ती म्हणाली, आणि खरोखरच तिनं महिनाभर विचार केला.

मग ती परत रुजू झाली. पहिल्या दिवशी सुई हातात घेतली आणि नजर अंगठ्याकडे गेली. तिनं सुई खाली ठेवली.

"आज तू टोच, सौरभ. उंदीर मी धरते."