पेरू, पंप आणि दादागिरीचा सराव

माझ्या हातून चूक झाली ती एवढीच, की मी थालीपीठ खरोखर खाल्लं.

लेकीच्या शाळेत बारामतीहून एक ताई आल्या होत्या, दुसरीच्या पोरांना दादागिरीला तोंड द्यायला शिकवायला. दादा कोण होणार, असं त्यांनी विचारल्यावर बोलावलेले सगळे पालक माझ्या पोटाकडं बघायला लागले. उठलो. मी डबा हिसकावायचा आणि पोरांनी हात पुढं करून मोठ्यांदा म्हणायचं, "थांब! मला हे आवडत नाही!" मी लेकीचाच डबा ओढला आणि भूमिकेत इतका शिरलो, की घासच घेतला. तो घशात अडकला. आता लेक ओरडणार म्हणून सगळा वर्ग कान टवकारून बसलेला. ती पुढं आली नि हळूच म्हणाली, "पप्पा, पाणी देऊ?"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. चौथीतली एक पोरगी रोज हिचा पेरू काढून घ्यायची. वर ही तिला मीठपण नेऊन देत असणार, हे मला तिथं कळलं.

संध्याकाळी अंगणात सराव सुरू केला. "डोळ्यात डोळे घालून बघायचं. कुणाला भ्यायचं न्हाय!" असं मी दरडावून सांगतोय, तोवर शेजारच्या वस्तीवरचे तात्या आले. नेहमीसारखा त्यांनी ओट्यावरचा आमचा फवारणीचा पंप उचलला. "चार्जिंग हाय न्हवं?"

उद्या सकाळी मलाच डाळिंबावर फवारायचं होतं. "फुल्ल हाय, तात्या," मी म्हणालो. "द्या हिकडं, पट्टा पुसून देतो."

लेकीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग तात्यांपुढं जाऊन तिनं हात पुढं केला. "थांब! मला हे आवडत नाही!"

"आरं, ही काय म्हणती?"

"शाळंत शिकीवलंय," मी पुटपुटलो.

"आन् न्हाय थांबलो तर गं?"

"बाईंना सांगणार."

सत्तरीतल्या तात्यांनी पंप गुमान खाली ठेवला. कुठल्या बाई, एवढंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दप्तरातून पेरू अख्खा घरी आला. मी हुरळून गेलो. "मग खाल्ला का न्हाईस?"

"ती सारखी ओढत हुती, मी सारखं थांब म्हणत हुते. त्यातच सुट्टी संपली, पप्पा."

बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "उद्यापास्नं शाळंत तुमी जावा. पोरगी बसंल हितं पंपापाशी."