नवस न मानणाऱ्याचा नवस

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून, ज्याच्यापुढे देवभक्तांनी आणि देव न मानणाऱ्यांनी सारखेच हात टेकले असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा आहे. मी त्यांना मामा म्हणतो. कसाऱ्याला घाट चढण्याआधी उभ्या राहणाऱ्या गाड्यांची चाकं हातोडीनं ठोकायची आणि आवाजावरून ती धड आहेत की तडकलेली हे सांगायचं, ही नोकरी त्यांनी आयुष्यभर केली. निवृत्त होऊन खर्डीजवळच्या आपल्या गावी भात लावू लागले तेव्हा हातोडी त्यांनी रेल्वेत जमा केली, पण ठोकून बघायची खोड काही जमा करता आली नाही. कलिंगड, मडकं, पुढाऱ्याचं भाषण, बुवांचं प्रवचन, सगळं ते ठोकून बघतात. ताईच्या लग्नाच्या बैठकीत आमच्या भटजींनी मोठ्या उत्साहानं "छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात" असं सांगितलं, तेव्हा आमचे सगळे खूश झाले. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "जुळले त्यांचं सोडा. न जुळलेले पाच कोणते ते लिवून द्या. भांडनं तितंच व्हायची." भटजींनी घाम पुसला. लग्न ठरलं, पण त्या पाच गुणांची यादी मिळाली नाही याची खंत मामा अजून बोलून दाखवतात.

यावरून कोणी त्यांना नास्तिक ठरवलं, तर तेही त्यांना चालत नाही. एकदा शहापुरात बाहेरून आलेल्या एका वक्त्याचं भाषण होतं. देव नाही, हे त्यांनी तासाभरात टेबलावर मुठी आपटून सिद्ध केलं. टाळ्या पडल्या. मामा मागच्या रांगेतून उठले. "सायेब, एक चाक बरं हाय म्हनायला मी त्याला चार ठिकानी ठोकायचो. तुमी अख्खं जग एका तासात ठोकलंत?" वक्ते म्हणाले, "म्हणजे तुमचा देवावर विश्वास आहे?" मामा म्हणाले, "नाय. मला ठावं नाय. तुमाला पन ठावं नाय. फरक इतकाच, मी सांगतो नि तुमी सांगत नाय." तेव्हापासून गावातल्या सप्त्याचं आणि शहापुरातल्या पुरोगामी मंडळींचं, अशी दोन्हीकडची आमंत्रणं त्यांना बंद झाली. मामांना त्याचं दुःख नव्हतं. दुपारची झोप मोडत नाही, म्हणून ते खूशच होते. सुखी माणसाची त्यांची व्याख्याही तीच आहे: दुपारी पडल्या पडल्या झोप लागली, की सकाळी काही वाईट केलेलं नाही असं समजावं. स्टेशनच्या वाटेवर कोणी बाभळीच्या फांद्या टाकल्या की ते वाकून एकेक बाजूला करतात. एकदा एक म्हातारी म्हणाली, "पुन्य लागंल रं बाबा." तर मामा चिडले. "पुन्यासाठी करतो तो ओव्हरटाइम. काटा व्हता, काढला."

अशा माणसाच्या घरात मामी होत्या. मामींना देव नुसता असून पुरत नसे, तो रोज कामाला लागलेला हवा असे. गाय व्यायली, पाऊस लांबला, नातलगांचं पटेनासं झालं, की त्या डोंगरावरच्या देवीला हाक मारायच्या. दोघांचं भांडण चाळीस वर्षं चाललं होतं आणि दोघांनाही ते संपवायची घाई नव्हती.

ताईच्या पहिल्या बाळंतपणात फार अवघड झालं. तिला जीपमधून दवाखान्यात नेताना मी सोबत होतो. तिचा हात गार पडत चालला होता. मामींनी तिथंच, जीपमध्ये, मोठ्यानं नवस बोलला: सून सुखरूप घरी आली, तर मी अनवाणी चालत डोंगरावर येईन. ताई वाचली, मुलगी झाली. मामा म्हणाले, "डाक्टरनी वाचवली." मामी म्हणाल्या, "त्या डाक्टराला झोपेतून कोनी उठवला?" हा वाद रंगात असतानाच, नवस फेडायच्या आधी, मामींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्या अंथरुणाला खिळल्या. बोलणं अडखळत का होईना, येत होतं. पण बोलायच्या एकच. नवस राहिला. गाडीनं नेऊ म्हटलं, तर नको. पायी बोलले होते. रात्रंदिवस तोच घोर. मी म्हणालो, "मामी, माझ्या बहिणीसाठी बोललात, मी जातो."

मामा ओटीवर दोर वळत होते. म्हणाले, "तुमी देव मानता, पावनं. तुमी गेलात तर तुमचीच जत्रा व्हईल. तिचं बोलनं तसंच ऱ्हाईल." दोर खाली ठेवला, चपला काढून भिंतीशी लावल्या आणि निघाले.

मी मागोमाग गेलो. ऑक्टोबरचं ऊन होतं, डांबर तापलेलं. भात कापणारी माणसं विळे थांबवून बघत राहिली. वाडीतल्या एकानं विचारलंच, "मामा, देव कवापासून?" मामा थांबले नाहीत. चढणीवर त्यांच्या टाचेतून रक्त आलं, तेव्हा मी म्हणालो, "मामा, तुमच्या मते वर कोणीच नसेल, तर हे कशासाठी?" ते दगडावर टेकले. "कोन असंल नसंल, त्याचा शोध चालू हाय. पन तिनं शबुद दिला व्हता. ऐकनारा असो नसो, दिलेला शबुद दिलेलाच ऱ्हातो."

वर देवळात त्यांनी हात जोडले नाहीत. ताठ उभे राहून वरिष्ठांना हजेरी द्यावी तसे म्हणाले, "खालच्या गावातून आलो. घरवालीला चालता येत नाय. तिचं बोलनं पुरं केलं. माझं तुझ्याशी काय काम नाय." मग मला म्हणाले, "चला."

घरी मामी दाराकडे डोळे लावून होत्या. "हात... जोडलात?"

"नाय. चालत जायाचं बोलली व्हतीस. हात जोडायचं बोलली नव्हतीस."

मामी अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या. इतकं छान हसू मी पुऱ्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. त्या संध्याकाळी त्या शांत झोपल्या. पौषात त्या गेल्या.

मधे मी धसईच्या बाजारातून भाजी घेऊन गेलो, तर मामा ओटीवर एकटेच बसले होते. म्हणाले, "पावनं, आता समदे माझं ऐकतात. पोरगा हो म्हनतो, सून हो म्हनते. गावात पन कोनी वाद घालीत नाय, म्हातारा दुखात हाय म्हनून. असं जगायचं कसं?" मला राहवलं नाही. मी देवाची बाजू घेतली. एवढं जग आपोआप कसं चालेल, वगैरे जे सुचलं ते बोललो. मामांनी दोन वाक्यांत मला आडवा केला. पण त्यांना मजा आली नाही.

"तुमी लई लवकर हरता," ते म्हणाले. "ती असती तर सांगती, 'तुमी ड्यूटीवर जायाचात, चार-चार दिस दिसायचा नाय. ना चिठ्ठी, ना निरोप. तरी तुमी हायात असं धरूनच मी दोघांचा भात टाकायचे ना? मी काय पुरावा मागितला?'"

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

मामांनी समोरच्या रिकाम्या खाचरांकडे पाहिलं.

"काय नाय. जेवायला बसायचो."