काचेतले बूट

"बूट पूस. पण तळाचा चिखल काढू नकोस. चिखल दिसला पाहिजे."

सर असं म्हणाले आणि पाच जोड माझ्यासमोर ठेवले. उंच, कातडी, नाडीचे. तळाला विक्रोळीच्या खाडीचा चिखल वाळून बसलेला. वरचं कातडं चमकवायचं, खालचा चिखल जपायचा, मग बूट काचेच्या पेटीत मांडायचे. संध्याकाळी पाहुणे येणार होते.

मी फडकं घेऊन खाली बसले. मान वर केली तर भिंतीवर मोठा फोटो. तिवरांच्या गर्दीत पाच माणसं, एका ओळीत. त्यांच्या पुढं, फोटोच्या अगदी कडेला, एक हात. काळा. लाल प्लास्टिकची बांगडी घातलेला. हातात काठी. बाकीचं माणूस कापलेलं.

तो हात माझा.

खाली लिहिलं होतं : खाडीतली अज्ञात वाट शोधून काढणारे पाच जण.

घाटकोपरची ती इमारत आधी म्युझियम होती. कुणा शेठनं जमवलेल्या वस्तूंचं. पेंढा भरलेला वाघ, तलवारी, जुनी नाणी. मी तिथं झाडूपोछ्याला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आठवी शिकलेली. वडील कारखान्यात कंत्राटावर होते. ते गेले आणि माझी शाळा सुटली.

पुढं म्युझियम चालेना. ट्रस्टनं वाघ हलवला, तलवारी हलवल्या, भिंतींना रंग दिला आणि नवी पाटी ठोकली : भूगोल आणि शोधयात्रा केंद्र. ऐंशीनंतरची गोष्ट ही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? शाळेत भूगोल माझा आवडता. फरशी पुसता पुसता मी नकाशे वाचायचे. सर, म्हणजे केंद्राचे प्रमुख, शाळेच्या पोरांना समोच्च रेषा समजावायचे, मी खिडक्या पुसत ऐकायचे. कळायचं. एकदा पोरांना उत्तर येईना, म्हणून मीच बोलून गेले. बरोबर होतं.

सर पोरांकडं वळून म्हणाले, "बघा, आमची झाडूवालीपण शिकली!"

पोरं हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मग खाडीची शोधयात्रा ठरली. सरांनी मला बोलावलं. "तू विक्रोळीची ना? तिवरांत जातं का कोणी तुमच्यातलं?"

"आई जाते, सर. चिंबोऱ्या धरायला."

आई साताऱ्याकडची. गावात तिनं विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. खाडी ती इथं शिकली, पोटासाठी. कुठं घट्ट, कुठं दलदल, पाणी कधी चढतं, सगळं पायांनी पाठ केलेलं.

आम्ही दोघी पुढं, सरांसकट ते पाच जण मागं. आईनं निघतानाच सांगितलं, "भरती लागायच्या आत फिरायचं, सायेब." त्यांनी माना डोलावल्या आणि फोटो काढत बसले. पाणी चढलं. एक जण मांडीपर्यंत रुतला, रडायला लागला. आईनं फांद्या मोडून आडव्या टाकल्या, त्याला ओढून काढला. मी काठीनं चिखल टोचत घट्ट जागा शोधत पुढं. असं करत आम्ही त्यांना काठाला आणलं.

त्यांचा थर्मास चिखलात गेला होता. ओठ सुकलेले. आईनं तिचा पाण्याचा डबा पुढं केला. रुतलेल्यानं हात लांब केला, तेवढ्यात सर म्हणाले, "नको. ह्यांचं पाणी आपल्याला चालायचं नाही."

आजारी पडू म्हणून, की दुसऱ्या कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. आईला सांगावं लागलं नाही. तिनं झाकण लावलं.

आणि आता त्याच पाच जणांचे हे बूट.

मी म्हणाले, "सर, फोटोखाली आमचं नाव नाही."

"तुमचं? कशाला?"

"वाट आम्ही दाखवली."

"दाखवणं वेगळं, शोधणं वेगळं. शोधायला अभ्यास लागतो. तुझ्या आईला नकाशातली उत्तर दिशा तरी ठाऊक आहे का?"

मी उठून उभी राहिले. "तुम्हाला पायाखालची जमीन ठाऊक नव्हती, सर. तिला होती."

त्यांचा आवाज एकदम थंड झाला. "तुम्हा लोकांना आत घेतलं की हे असं होतं. बूट उचल."

"नाही."

एवढंच. फडकं तिथंच ठेवलं. "ज्यानं घातले त्यानं पुसावेत," म्हणाले आणि बाहेर पडले.

नोकरी गेली. घरी आईनं फाडून खाल्लं. "नावानं पोट भरतं का गं?" ट्रस्टला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. स्वतः गेले तर वॉचमननं फाटकातच अडवलं. कालपरवापर्यंत मी त्याच फाटकातून झाडू घेऊन आत जात होते. आता म्हणे पत्र आणा. फोटो तसाच राहिला. बुटांच्या पेटीवर खास दिवा लावलाय, असं तिथल्याच एका कामवालीनं सांगितलं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. करायचं काय, ते सुचायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात केंद्राची दुसरी तुकडी वस्तीत आली. आईला विचारत. आईनं लगेच पदर खोचला. मी तिच्या पुढं झाले आणि वही त्यांच्यासमोर धरली.

"आधी इथं लिहून द्या, वाट कोण दाखवणार. फोटोखाली तेच छापायचं. आईचं नाव पहिलं."

त्यांचा म्होरक्या हसला. "ते नंतर बघू, ताई."

"मग वाटपण नंतर बघू."

त्यानं आईकडं पाहिलं. मीही पाहिलं. वाटलं, ही आता मला बाजूला सारणार. आईनं पदर सोडला आणि उंबऱ्यावर बसली. बसूनच राहिली.

ते तिच्या उठण्याची वाट बघत उभे राहिले. मग परत गेले. वहीत कोणी काही लिहिलं नाही.

तेव्हापासून आमच्या वस्तीतलं कोणी नाव लिहून घेतल्याशिवाय खाडीत कुणाच्या पुढं चालत नाही. आम्ही माजलो असं म्हणतात. म्हणू देत. ज्यांना आमचं नाव लिहायला जड जातं, त्यांनी खुशाल रुतावं.